व्याह्यांचा मोडेम

कुरुंद्याचे व्यंकटराव आणि डोंगरकड्याचे नामाजी या व्याह्यांचं बोलणं लग्नातच बंद पडलं. व्याहीभेटीत गळ्यात पडायला आधी पाऊल कोणी टाकायचं, यावर दोघं हात पसरून उभे राहिले ते राहिलेच. शेवटी फोटोवाला जेवून आला आणि दोघांचे वेगवेगळे फोटो काढून निघून गेला.

पण हळदीचा धंदा एकत्र. काटा व्यंकटरावांचा, गोदाम नामाजींचं. मोबाइलवर दोघांनी एकमेकांना ब्लॉक केलेलं. म्हणून व्यंकटरावांची सून आणि नामाजींची लेक असलेल्या मोहिनीनं दोन्हीकडं युनिक्सवर चालणाऱ्या जुन्या कॉम्प्युटर-मशिनी बसवल्या, सिरियल पोर्टला मोडेम जोडले आणि मोडेमला टेलिफोनची तार. एका मशीननं फोन लावायचा, दुसरीनं उचलून लॉगिनचं नाव विचारायचं, की काट्यावरचं वजन गोदामात पोचलं. माणसांनी तोंड उघडायचं कामच नाही.

त्या दिवशी हळदीची गाडी डोंगरकड्याला फाटकाबाहेर उभी, वर अवकाळी आभाळ भरून आलेलं, आणि वजन काही पोचेना. मशीनमध्ये वजन आल्याशिवाय गाडी आत घ्यायची नाही, हा नामाजींचा कायदा.

"मामा, तुमी सेटिंगला हात लावला?" मोहिनीनं सासऱ्यांना विचारलं.

"लावला. तू करताना पाहून ठेवलं होतं. आपली मशीन पोराकडची हाय. ती काहून आधी फोन करंल? उचलायवर ठेवली."

मोहिनीनं डोंगरकड्याला भावाला, भारतला, मेसेज केला. उत्तर आलं, 'आबांनी पण उचलायवरच ठेवली. म्हणतेत, पोरगी देली, आता फोन पण आमीच करावं का?'

दोन्ही मशिनी लॉगिनची पाटी लावून पाहुण्याची वाट बघत बसल्या होत्या.

आभाळ गडगडलं. व्यंकटराव विरघळले, पण गुपचूप. "लाव फोन. त्यांना कळू देऊ नको."

तिकडं नामाजीही त्याच वेळी गुपचूप विरघळले. दोन्ही मशिनींनी एकदम फोन लावला. दोन्हीकडं एंगेज.

"पाह्यलं? गाडी उभी हाय, अन् हा माणूस कोणाशी तरी गप्पा हाणून राहिला!" व्यंकटराव कडाडले.

"तुमालाच लावून राहिले असतील," सासूबाई, आशाबाई, आतून म्हणाल्या.

व्यंकटरावांनी रागानं मशीन परत उचलायवर ठेवली. तिकडं नामाजी इतके भडकले, की मशीनचा नाद सोडून त्यांनी शिव्या द्यायला स्वतःच फोन लावला. कुरुंद्याच्या मोडेमनं पहिल्याच घंटीला तो उचलला आणि त्यांच्या कानात किंचाळला.

व्याही आपल्याला चिडवून राहिले, असं नामाजींना वाटलं. मोडेम दमून गप्प झाला, तशी त्याच्या स्पीकरमधून तिकडची किंकाळी आली. "क्रीईई... खर्रर्र... टिंग!"

"हे आबा हायत," मोहिनी म्हणाली.

व्यंकटरावांनी रिसीवर उचलला. बोलायचं तर नव्हतं. "खर्रर्र," ते म्हणाले, जरा वरच्या पट्टीत.

"क्रीईई!"

"खर्रर्र... ट्यांव!"

तिकडून खोकल्यासारखं काहीतरी आलं. व्यंकटरावांची मिशी हलायला लागली.

"मामा, वजनाचं सांगा की!"

"गप! लाइन लागली."

बऱ्याच खरखरीनंतर भारतचा मेसेज आला, 'आबांनी फाटक उघडलं. म्हणतेत, वजन बराबर आलं.'

व्यंकटरावांनी डोळे पुसत रिसीवर ठेवला.

"आधी कोण बोललं?" आशाबाईंनी विचारलं.

"कोणीच न्हाई," व्यंकटराव छाती काढून म्हणाले. "मोहिनी, उद्यापासून मशीन बंद ठेव. वजन मीच पाठवत जाईन."