कोणाकडून आलात?

यंत्र कितीही परदेशी असले, तरी इथल्या माणसांत राहायचे तर त्याला इथली रीत शिकावीच लागते. मराठवाड्यातील संगणकाचा इतिहास लिहिणाऱ्या आमच्या समितीच्या ग्रंथाचे हे पहिले वाक्य आहे (दुसऱ्यावर अजून एकमत नाही).

१९८८ साली अहमदपुरातल्या एका सहकारी संस्थेत संगणक आला. त्याच्यासाठी गार हवेची खोली झाली, चपला बाहेर काढायचा नियम झाला, नारळ फुटला. पण आतल्या परदेशी कार्यप्रणालीत एक गंभीर दोष निघाला. काहीही विचारले की ती लगेच उत्तर देई. विचारणारा कोण, कुणाचा, कुठल्या गावचा, काही चौकशी नाही. अध्यक्षांना जे उत्तर, तेच शिपायाला. अशाने कार्यालयात शिस्त राहत नाही.

दोष काढण्याचे काम अण्णारावांकडे आले. ते लातूरहून सहा महिन्यांचा कोर्स करून आलेले आणि तालुक्यात कळफलकाकडे न बघता टाइप करणारे एकमेव. रात्रंदिवस खपून त्यांनी देशी प्रणाली लिहिली. जेवणाच्या सुट्टीत ती पडदा काळा करी. फाइल मागितली की आधी 'साहेब फिरतीवर आहेत' असे सांगे. आणि सुरू होताना एकच प्रश्न विचारी: 'कोणाकडून आलात?'

वजनदार नाव टाकले की यंत्र उघडे. नावे अध्यक्षांनी दिली होती. एक मात्र अण्णारावांनी आपल्या मनाने घातले, मेहुणे गुरुलिंग यांचे. (गुरुलिंग अध्यक्षांची जीप चालवत. शिवाय अण्णारावांना रोज घरीच जेवायचे होते.)

यंदा समितीने 'आद्य प्रणालीकार' हा सन्मान अण्णारावांना जाहीर केला. अट एकच, ते जुने यंत्र सर्वांसमोर सुरू करून दाखवायचे. अण्णारावांना या सन्मानाची फार आस होती. परदेशातल्या प्रणालीकारांच्या आठवणींची जाड पुस्तके निघतात आणि आपल्याला कुत्रे विचारत नाही, हे ते प्रत्येक लग्नात पंगतीला सांगत. कार्यक्रमासाठी त्यांनी नवा सदरा शिवला.

यंत्र घरघरत सुरू झाले. प्रश्न आला. अण्णारावांनी ऐटीत स्वतःचे नाव टाकले.

'ओळख पटत नाही. मोठे नाव सांगा.'

त्यांनी वडिलांच्या नावासकट पुन्हा टाकले. पुन्हा तेच. (अध्यक्षांनी दिलेली नावे इतक्या वर्षांनी त्यांना आठवत नव्हती.)

"आरं, मीच बनवलो की तुला!" अण्णाराव पडद्यावर ओरडले. प्रणालीवर परिणाम झाला नाही (ती तशीच लिहिलेली होती).

पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नी गुरम्मा म्हणाल्या, "आवो, कशाला त्याच्याशी भांडायलात? गुरुलिंगचं नाव टाका की."

"मरून जाईन, पण त्याचं न्हाई टाकणार."

"मग बसा तसंच. लोक उठून चाललेत."

लोक खरेच उठत होते. अण्णारावांनी मेहुण्याचे नाव टाकले. यंत्र उघडले. टाळ्या पडल्या. अण्णारावांच्या डोळ्यांत पाणी आले, ते आनंदाचे नव्हते.

समितीची तातडीची बैठक व्यासपीठावरच झाली. प्रणाली ज्याला ओळखतच नाही, तो तिचा कर्ता कसा, असा मुद्दा निघाला. सन्मान एकमताने गुरुलिंग यांना देण्यात आला. आपण आयुष्यात कळफलकाला बोट लावलेले नाही, हे त्यांनी भाषणात नम्रपणे सांगितले. सभागृहाला त्यांचा साधेपणा फार आवडला. अण्णारावांनी आभार मानले (कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या नावापुढे तेवढेच उरले होते).

आपण हसला असाल. समितीची हरकत नाही. असले प्रकार आता चालत नाहीत, असे आपले मत असेल तर तेही नोंदवून घेऊ. फक्त एवढे सांगा: मागे आईला दवाखान्यात न्यायचे होते आणि रांग पार दाराबाहेर आली होती, तेव्हा रांगेत उभे राहण्याआधी आपण फोन कोणाला लावला होता?