अकरा मिनिटांचं चुंबक

सासऱ्यांच्या वाढदिवसाला काय द्यावं, यावर जावयाने महिनाभर डोकं खाजवलं. सासरे पदार्थविज्ञानाचे निवृत्त शिक्षक; सगळी इमारत त्यांना सर म्हणे. जावई एसी दुरुस्त करणारा. तो आणखी शिकला असता तर बरं झालं असतं, हे सर तोंडाने कधी बोलले नव्हते. पण त्याच्याकडे बघताना ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटायचंच.

शेवटी त्याने एक खेळणं बनवलं. जाड तांब्याची हातभर नळी घासूनपुसून लाकडी घोडीवर उभी बसवली आणि खाली ताटली ठेवली. वरून लोखंडी गोळी सोडली की खाडकन खाली. तेवढंच चुंबक सोडलं, तर ते मजेत पाच सेकंद घेत उतरे.

सर हरखले. चुंबक मीच सोडणार म्हणाले आणि नळीवर ओणवे झाले. टक् असा आवाज आला.

"गेलं," सर म्हणाले आणि शिकवायला लागले. चुंबक सरकलं की तांब्यात वीज फिरते, आणि तीच वीज चुंबकाला अडवते. दोन मिनिटं झाली. ताटली रिकामीच. एव्हाना पडायला हवं होतं, असं जावयाने चाचरत सुचवलं.

"घाई करू नका, जावईबापू. तुमची नळी फारच उत्तम आहे."

चौदा वर्षांतली ही पहिली शाबासकी. सासूबाईंनी शेजाऱ्यांना बोलावलं. वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर स्वतःची खुर्ची घेऊन आले. वाऱ्याने गडबड नको म्हणून पंखा बंद झाला.

दहाव्या मिनिटाला वेग काढून दाखवावा म्हणून सरांनी सदऱ्याच्या वरच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं. त्याच्या पत्र्याला चुंबक घट्ट चिकटलेलं होतं. ते फक्त सरांनी आणि जावयाने पाहिलं.

सरांनी सगळ्यांना टेबलाला कान लावून चाहूल घ्यायला सांगितलं. माना खाली गेल्या, सरांचा हात नळीवर गेला. थोड्या वेळाने ताटली वाजली. पोस्टमास्तरांनी घड्याळ पाहून अकरा मिनिटं जाहीर केली.

दुसऱ्या संध्याकाळी ते आणखी सहा जणांना घेऊन आले. चुंबक पाच सेकंदांत खाली.

"बिघडलं की हो एका दिवसात," पोस्टमास्तर म्हणाले. "जावयाचं काम कच्चं दिसतंय."

सगळ्यांच्या नजरा जावयाकडे वळल्या. एका वाक्यात त्याची सुटका झाली असती. पण तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. सर मात्र उठून उभे राहिले. चष्म्याचं घर, खाली घातलेल्या माना, सगळं त्यांनी अडखळत सांगून टाकलं.

"नळी उत्तम आहे. फसवलं ते मी."

मग एकेक जण सरांना नमस्कार करून निघाला.

जिन्यात पोस्टमास्तरांनी जावयाचा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुमची अब्रू राखायला त्या देवमाणसाने खोटं स्वतःवर घेतलं," ते म्हणाले. "आता तरी ती नळी नीट करून द्या."

जावयाने मान डोलावली.