आत्तीच्या अंगणातला ट्रॅक्टर

मशीनचं आणि माझं पहिल्यापासून जमतं! घरचा मिक्सर मी स्वतः उघडलाय आणि स्वतः परत जोडलाय. जोडल्यावर थोडे स्क्रू उरले होते, ती गोष्ट वेगळी. मिक्सर मात्र पहिल्यापेक्षा हलका झाला, हे पूर्णिमासुद्धा मान्य करते. पूर्णिमा म्हणजे माझी बायको. ती सहसा काहीच मान्य करत नाही.

त्यामुळं पेठ वडगावला आक्काताई आत्तीकडं ट्रॅक्टरचा विषय निघाला, तेव्हा मी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

आत्तीची लेक संघप्रिया दातांची डॉक्टर. तिला घरापुढच्या अंगणातच दवाखाना बांधायचा होता. प्लॅन तयार, कॉन्ट्रॅक्टर तयार, आणि अंगणाच्या मधोमध भाऊसोमामांचा, म्हणजे आत्तीच्या नवऱ्याचा, ट्रॅक्टर उभा! मामांना जाऊन बरीच वर्षं झाली, आणि ट्रॅक्टर त्यांच्याही आधी बंद पडलेला. एकेकाळी तो लाल होता, असं जुनी माणसं सांगतात. आता त्याच्यावर कारल्याचा वेल चढला होता. कारली मात्र झकास लागायची.

"क्रेननं उचलू आणि भंगारात देऊन टाकू," संघप्रिया म्हणाली.

आत्तीचा भाकरी थापणारा हात थांबला.

"वस्तीतला पयला ट्रॅक्टर हाय ह्यो! तुझ्या बानं हालगी लावून आणलाय. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत म्होरं ह्योच असायचा. आन् त्याला मेल्या म्हशीगत वडत न्हेणार? माझ्या डोळ्यादेखत? जाईल तर आपल्या पायानं जाईल!"

"आई, त्याला पाय नाहीत, चाकं आहेत! आणि चाकांत हवा नाही!"

"मग दवाखाना बी न्हाय!"

मायलेकींचं बोलणं बंद व्हायची वेळ आली. मी तांब्या खाली ठेवला आणि म्हणालो, "त्यात काय एवढं? पुढच्या रविवारी मी चालू करून देतो की!"

आत्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता माझ्या येतं.

रविवारी मी मदतीला पिराजीला घेतलं. पिराजी माझा शाळेपासूनचा दोस्त. शिरोली एमआयडीसीत त्याची फौंड्री आहे, पंपाची झाकणं ओततो. म्हटलं, रात्रंदिवस लोखंडात असलेला माणूस, इंजिन त्याच्या हातचा मळ! हातकणंगल्याच्या रस्त्यावर मोटरसायकलवर मागं बसून तो मला म्हणाला, "प्रश्या, इंजिनातलं मला ओ की ठो कळत न्हाय बघ. पर तू एवढा छातीठोक बोलतोयस म्हंजे तुला कळत असणार, म्हणून आलो."

मी गाडीचा वेग जरा कमी केला.

बॉनेट उघडलं, तर आत कोंबडी! आत्तीची खुडूक कोंबडी, इंजिनावर ऐसपैस अंडी मांडून बसलेली. तिनं माझ्या बोटाला चोच मारली आणि आत्ती आतून ओरडली, "हात लावायचा न्हाय! पिल्लं निघूस्तवर न्हाय!"

पहिलाच रविवार, आणि आम्ही इंजिनाऐवजी कारली काढून परत आलो.

पिल्लं निघाली. मग हवेच्या फिल्टरातून उंदरांचं अख्खं कुटुंब निघालं. मग डिझेलच्या टाकीतून जो गंज निघाला, त्यात आणखी एक छोटा ट्रॅक्टर झाला असता! इंजिन तर असं जाम झालं होतं, की पहार लावून मी आणि पिराजी दोघं लोंबकळलो, तरी ते हललं नाही. पहार वाकली. पिराजीही थोडा वाकला.

समोरच्या घरातले जोतीराम दर रविवारी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन येऊन बसायचे. गल्लीपलीकडं त्यांचा गोठा आणि त्याच्यापुढं भलामोठा उकिरडा. म्हशींच्या धारा काढून झाल्या की त्यांना करमणूक लागायची.

"पावणं, रॉकेल वता!" ते म्हणायचे. ओतलं.

"डिझेल मुरवा." मुरवलं.

"माझ्या सासऱ्यानं एकदा एरंडेल सोडल्यालं."

"मग चालू झालं?"

"न्हाय. पर आवाज यायचा बंद झाला."

तेही ओतलं. तुम्ही म्हणाल, माणसानं किती ऐकावं? अहो, दमलेला माणूस काहीही ऐकतो! डिझेलच्या वासापायी घरी माझा साबण वेगळा झाला, टॉवेल वेगळा झाला, शेवटी खुर्चीही वेगळी झाली. "गाद्यांवर बसायचं नाही," पूर्णिमानं बजावलं. मी आठवडाभर शाहूपुरीतल्या विमा ऑफिसात मान मोडायची आणि रविवारी वडगावात कंबर. पावसाळा गेला, दसरा गेला. दर रविवारी आत्ती आशेनं बाहेर यायची, चहा ठेवायची आणि काही न बोलता आत जायची. तिनं शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं.

आणि एका रविवारी काय झालं कुणास ठाऊक, पहारीला जोर लावला आणि इंजिन "कुईं" करून बोटभर फिरलं! आम्ही दोघं पालथे पडलो. आत्तीनं त्या दिवशी शिरा केला.

पण फिरणं वेगळं आणि चालू होणं वेगळं. संघप्रियाचा धीर संपला. तिनं पाया खणायला बुधवारी जेसीबी सांगितला. मंगळवारपर्यंत ट्रॅक्टर बाहेर, नाहीतर भंगारवाला येणार, गॅसनं कापून तुकडे करून नेणार!

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ट्रॅक्टरचं विचारायला मेव्हण्याचा फोन आला. मी ऑफिसातच बोललो. थकलेल्या आवाजात, डब्यावर डोकं टेकून.

"आत्ती रडतीय रे... काल जरा हलला, पण श्वासच धरत नाही... पोटातलं सगळं काढून साफ केलं, नळ्या बदलल्या... तोंडानं फुंकूनसुद्धा बघितलं... नाही, आता वय झालंय त्याचं... उद्या शेवटचा प्रयत्न. नाहीतर परवा कापून घेऊन जातील."

फोन ठेवला, तर सगळं ऑफिस डबे उघडे टाकून माझ्याकडं बघत होतं. आमच्या शाखेच्या प्रमुख क्रांती मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. "उद्या रजा घ्या," त्या हळूच म्हणाल्या. "अशा वेळी घरच्यांजवळ असावं."

मी थक्क झालो! या बाईंनी मला सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला अर्धा दिवस दिला होता. ट्रॅक्टरबद्दल इतका जिव्हाळा? म्हटलं, शेतकऱ्याची लेक असेल.

मंगळवारी पिराजीनं आपल्या टेम्पोची बॅटरी काढून आणली. चाकांत हवा भरली. गिअर तपासले, तर फक्त रिव्हर्स पडत होता. पण ट्रॅक्टरचं तोंड घराकडं होतं, म्हणजे बाहेर जायला रिव्हर्सच हवा! इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी माझ्या बाजूनं घडलं होतं.

"ब्रेकचं काय?" मी विचारलं.

"आधी चालू तर हुंदे!" पिराजी म्हणाला.

मी सीटवर चढलो. तेवढ्यात फाटकाशी कार थांबली. क्रांती मॅडम उतरल्या. रजेच्या अर्जावर मी आत्तीचा पत्ता लिहिला होता. मागं ऑफिसातली आणखी माणसं. हातात शहाळी, सफरचंदं, आणि एका पिशवीत, लागला तर असावा म्हणून, हारसुद्धा!

आत्तीला वाटलं, मी ट्रॅक्टर बघायला साहेबलोकांना बोलावलंय.

"या या! बरं केलं आलासा. जायच्या आदी गाठ पडली!"

मॅडमनी आत्तीचा हात हातात घेतला. "कुठं आहेत ते?"

"ह्ये काय, अंगणातच!"

"अंगणात ठेवलंय?" मॅडम दचकल्या.

"मग? घरात कसा मावंल? लई वरसं झाली, हितंच हाय. कोंबड्या बसत्यात अंगावर."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. आत्तीची नजर पिशवीतल्या हाराकडं गेली. "आगं बया, हार बी आणलासा!" म्हणत तिनं तो काढून थेट ट्रॅक्टरच्या नाकावर चढवला.

सीटवरून मला सगळं दिसत होतं, कळत काहीच नव्हतं. मी क्लच दाबला आणि किल्ली फिरवली.

घुर्रर्र... घुर्रर्र... आणि धडाम्! सायलेन्सरमधून वर्षानुवर्षांची काजळी तोफेसारखी उडाली आणि क्रांती मॅडमवर बसली. पाठोपाठ काळा धूर, मग निळा धूर, आणि त्या धुरातून एकदम आवाज आला. धक् धक् धक् धक्!

चालू झाला! खरंच चालू झाला!

कोंबड्या छपरावर गेल्या. पिराजी जोतीरामांच्या गळ्यात पडला. संघप्रिया दारात उभी होती, तिचा फोन हातातच राहिला. आणि आत्ती पुढं आली, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा तिनं बॉनेटवर हात ठेवला. हात इंजिनाबरोबर थरथरत होता. "तसाच बोलतोय," ती म्हणाली. "आगदी तसाच." संघप्रियानं येऊन तिला धरलं. मायलेकी दोघी रडत होत्या. मीही रडत होतो, पण मला धूरसुद्धा लागला होता.

"सोड आता!" आत्ती म्हणाली. "जाऊंदे त्याला."

मी क्लच सोडला. ट्रॅक्टर हार घालून, घराकडं तोंड करून, मागं मागं निघाला. फाटकातून बाहेर, अगदी रुबाबात! गल्लीत आल्यावर मी ब्रेक दाबला. पाय तळापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. इंजिन बंद करायची दांडी ओढली, तर दांडी हातात आली, तिच्यामागोमाग तार आली, ती येतच राहिली!

धूर चुकवायला जोतीराम गल्लीपलीकडं खुर्ची नेऊन बसले होते. "जोतीराम, सरका!" मी ओरडलो. जोतीरामांनी खुर्ची उचलली आणि खुर्चीसकट पळाले.

क्लच दाबायचा असतो, हे मला आठवलं. उकिरड्यात गेल्यावर.

फस्स् असा आवाज झाला. मोठी चाकं निम्मी आत गेली, इंजिन दोनदा धक् धक् म्हणालं आणि कायमचं शांत झालं. त्याच क्षणी माझ्या कंबरेत कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं झालं. मला उतरताच येईना. शेवटी जोतीरामांच्या खुर्चीत घालून, चौघांनी उचलून, मला गल्लीच्या कडेला आणून ठेवलं.

"दादा, फार दुखतंय?" संघप्रियानं वाकून विचारलं.

"तू डॉक्टर आहेस ना? बघ की काहीतरी!"

"दाताची आहे रे. कंबर माझ्यात येत नाही."

काळ्या पडलेल्या मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या. फक्त डोळे पांढरे. "पण मग," त्या म्हणाल्या, "आजारी कोण आहे?"

आत्तीनं सगळ्यांकडं बघितलं आणि माझ्याकडं बोट केलं. "आता ह्योच की!"

शहाळं फोडलं, माझ्या तोंडात नळी दिली. मॅडम जाताना म्हणाल्या की रजेचं उद्या बोलू. आवाजावरून ते बोलणं लांबेल असं वाटलं.

आत्ती मात्र खूश होती. ट्रॅक्टर आपल्या पायानं गेला होता. उकिरड्यातून तो घराकडं बघत बसला होता, आणि आत्ती उंबऱ्यावरून त्याच्याकडं.

जोतीराम तेवढ्यात खाकरले. "असूंदे हितं, माझं काय न्हाय. पर शेणखत भरायच्या टायमाला हलवायला लागंल."

"हलवंल की!" आत्ती म्हणाली. "आमच्या प्रसेनजीतला येतंय आता समदं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. 'नाही' म्हणायला मी मान हलवायला गेलो. पाठीतून अशी कळ आली की मान आडवी हलायची ती नुसतीच खाली गेली.

"बघा!" आत्ती म्हणाली. "व्हय म्हणतोय!"