प्रमाण भाकरी

मिराबाईंचं उजवं मनगट सुजल्याची बाब नेमसिंग राठोड यांच्या निदर्शनास आली ती भाकरीमुळे. भाकरी एका अंगाला जाड झाली होती. कळमनुरीच्या डॉक्टरांनी हात दाबून पाहिला आणि सांगितलं, भाकऱ्या थापणं बंद. नाहीतर शीर दबून बोटं कायमची बधिर होतील.

पंचायत समितीतून मोठे कारकून म्हणून निवृत्त झालेल्या नेमसिंगांनी ही गोष्ट अत्यंत गांभीर्यानं घेतली. बायकोवर त्यांचा जीव होता. पण आयुष्यात त्यांनी कुठलंच काम तडकाफडकी केलं नव्हतं, आणि जीव लावणं हेही त्याला अपवाद नव्हतं.

"बापू, घरी ब्रेड करायचं मशीन निघालंय," मुलगा विकास मोबाईल पुढं करत म्हणाला. "पीठ-पाणी घालायचं, बटन दाबायचं. मळतं बी तेच, भाजतं बी तेच. याडीच्या हाताला आराम," आईच्या मनगटाकडं बघत त्यानं सांगितलं.

"असं एकदम घेता येत न्हाई. निवड झाली पायजे. हेच काहून, दुसरं काहून न्हाई, याला उत्तर पायजे."

"आन् तवर भाकरी?" मिराबाईंनी विचारलं.

"तवर जैसे थे."

समिती नेमली गेली. अध्यक्ष नेमसिंग. तांत्रिक सदस्य मेहुणे रतनसिंग, कारण त्यांनी सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडले-मिटले होते. मिराबाईंना महिला प्रतिनिधी म्हणून घेण्यात आलं. मात्र सदस्यांच्या जेवणाचं बघत असल्यानं त्या बैठकीस अनुपस्थित राहिल्या, अशी रीतसर नोंद झाली.

विकासनं ओळखीच्या दुकानदाराकडून पहिलं मशीन चाचणीला आणलं. "बापू, यात गव्हाचं पीठ आन् खमीर लागतं."

"आपल्यात ज्वारी खातात. मशीन आपल्या घरी राहायला येऊन राहिलं, आपण त्याच्या घरी न्हाई."

ज्वारीचं पीठ घातलं. मशीन बराच वेळ घुरघुरलं आणि त्यातून एक ठोकळा निघाला. रतनसिंगांनी तो ओट्यावर आपटला. ओट्याचा टवका उडाला.

"मजबूत हाय," तांत्रिक सदस्य म्हणाले.

पण तुलनेशिवाय अभिप्राय देता येत नाही. तुलनेला नमुना हवा. नेमसिंगांनी स्वयंपाकघरात डोकावून सांगितलं, "एक भाकरी थाप बरं. प्रमाण भाकरी म्हणून."

मिराबाईंनी थापली. ती समितीला पसंत पडली, त्यामुळे मशीन नापास झालं आणि दुसरं मागवावं लागलं. दुसऱ्या मशीनला शिळ्या भाकरीशी ताडणं अन्यायाचं, म्हणून पुन्हा ताजी. एका भाकरीवर दोघांचं एकमत ग्राह्य कसं धरणार, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र. मशीन आल्याचं कळल्यावर तांड्यातली माणसं बघायला येऊ लागली. आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं, आणि ठोकळा पाहुण्याच्या ताटात कसा वाढायचा? आधी दुरडीभर होणाऱ्या भाकऱ्या आता टोपलंभर होऊ लागल्या.

"अवो, मशीन नव्हतं तवा बरं होतं," मिराबाई पीठ चाळता चाळता म्हणाल्या. "निदान हाताला मधी मधी इसावा होता."

"जरा कळ काढ. तुझ्यासाठीच चाललंय ना हे समदं!"

एका सकाळी परात मिराबाईंच्या हातातून निसटली. बोटांना पीठ लागलं होतं, पण ते लागल्याचं बोटांना कळत नव्हतं. नेमसिंग धावत आले. त्यांनी तो हात आपल्या हातात घेतला, बराच वेळ चोळला. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी तातडीची बैठक बोलावली.

"बापू, मी म्हणतो," विकास म्हणाला, "भाकऱ्या आपणच थापल्या तर?"

हा मुद्दा विषयपत्रिकेवर नसल्यानं चर्चेला घेता आला नाही.

प्रमाण भाकरीच उपलब्ध नसल्यानं कुठल्याही मशीनची निवड करणं यापुढं शक्य नाही, असा निष्कर्ष निघाला. मिराबाईंच्या हाताला सक्त विश्रांती द्यावी, यावर मात्र एकमत झालं. ती कशी द्यायची, हे रतनसिंगांनी चहा पिता पिता सोडवलं.

"दाजी, ईकासचं लगीन करून टाका ना!"

सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. नेमसिंगांनी मशीनसाठी ठरवलेल्या अटी पुन्हा वाचून पाहिल्या: आवाज नसावा, लाईट गेली तरी काम थांबू नये, कमी जागेत मावावं, ज्वारी चालावी, घरच्या रीतीला जुळवून घ्यावं. मुलगी बघायला त्यातला एकही शब्द बदलावा लागला नाही.

"आन् तिच्या हाताला काई झालं तर?" मिराबाईंनी दारातून विचारलं.

"त्यासाठी समिती हाय ना," नेमसिंग प्रेमानं म्हणाले.

शोध सुरू झाल्यापासून घरी माणसांची रीघ लागली आहे. कोणी शिरड शहापूरची पुतणी सुचवतं, कोणी हिंगोलीची भाची. पोरगी गुणी, गरीब स्वभावाची, भाकरी तर अशी गोल की बघत राहावं. सुचवणारी सगळी सज्जन माणसं आहेत, आणि वाईट कुणाच्याच मनात नाही. एव्हाना तुम्हालाही एक नाव आठवलं असेलच.