एसीत गॅस भरताना

प्रूफमास्तर स्पेअर पार्टच्या दुकानात गेले होते वायपरचं रबर घ्यायला, आणि परत आले ते एसीत भरायच्या गॅसचा डबा घेऊन. वायपरचं रबर राहिलंच.

मास्तरांच्या गाडीचा एसी बिघडला होता, असं म्हणणं त्या एसीवर अन्याय करणारं होतं. तो चालू व्हायचा, घरघरायचा, वाराही सोडायचा. फक्त तो वारा कुणीतरी इस्त्री करून पाठवल्यासारखा यायचा. इतके दिवस मास्तरांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. घर ते छापखाना आणि छापखाना ते घर, काच खाली केली की भागायचं. पण आता लेक बाळंत झाली होती. जावई जहाजावर, महिनाभर तरी जमिनीला पाय लागायचे नव्हते. दवाखान्यातून उद्या दुपारी सोडणार होते, आणि ऊन असं की सावलीसुद्धा सावली शोधत होती. नातीला तिच्या आयुष्यातल्या पहिल्या प्रवासात इस्त्रीचा वारा द्यायचा, हे काही आजोबांच्या मनाला पटेना.

त्यांनी गॅरेजवाल्याला फोन केला. "एसी गार होत नाहीये." तो म्हणाला, "गाड्यांची रांग लागलीय मास्तर, चार दिवसांनी आणा." मास्तर "बरं" म्हणाले. (मास्तर आयुष्यात सगळ्यांनाच "बरं" म्हणत आले होते. त्यांचं मत पुढे कधीतरी, एकटं असताना, त्यांनाच कळायचं.)

"तुम्ही भरणार गॅस?" बायकोने डबा हातात घेऊन फिरवून पाहिला.

"त्यात काय आहे? नळी लावायची, कळ दाबायची. सोबत कागद दिलाय."

"तो कागद नुसता दुरुस्त करू नका. वाचा."

हे बोलायला कारण होतं. मास्तर छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि तीस वर्षांत त्यांची नजर अशी तयार झाली होती की मजकुराआधी चूक दिसायची. लग्नाच्या पत्रिकेत नवऱ्याचं नाव काय हे त्यांना सांगता यायचं नाही, पण त्या नावातली वेलांटी कशी हवी हे सांगता यायचं. गॅसच्या डब्याबरोबरच्या कागदावर तर चुकांचं पीक आलं होतं. मास्तरांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि जेवण होईपर्यंत तो कागद रंगवून टाकला. 'काटा हिरव्या पट्ट्यात येताच भरणे थाबवावे' या वाक्यात त्यांना 'थाबवावे'वरचा अनुस्वार गेलेला दिसला. त्यांनी तो दिला आणि समाधानाने पुढच्या ओळीकडे वळले. वाक्य काय सांगत होतं, ते तिथेच राहिलं.

संध्याकाळी ऊन कलल्यावर गाडी घरासमोर उभी करून बॉनेट उघडलं. गॅस कातडीला लागला तर इजा होते, हातमोजे घाला, डोळे झाका, एवढं मात्र मास्तरांनी वाचलं होतं. त्यांनी भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले, स्कूटरचं हेल्मेट घातलं आणि त्याची काच खाली केली.

"चंद्रावर जाताय का?" बायको म्हणाली.

"काळजी घेतलेली बरी."

एसीच्या पाइपांवर गॅस भरायला दोन तोंडं असतात, एक जाड पाइपवर आणि एक बारीक पाइपवर. नळी फक्त जाड पाइपवरच्या तोंडाला बसते. मास्तर बराच वेळ ती बारीक पाइपवर बसवत होते. दाबून पाहिली, फिरवून पाहिली, शेवटी तिला चार शब्दही सुनावले.

"बसत नाहीये म्हणजे जागा चुकली असेल," बायको म्हणाली.

"नळी चुकीची दिलीय दुकानदाराने."

"दुसरीकडे लावून तर बघा."

टक्कन बसली. हेल्मेटची काच धूसर झाली होती, त्यामुळे मास्तरांचा चेहरा दिसण्याचा प्रश्न नव्हता.

मग बायको गाडीत बसली, इंजिन चालू केलं, एसी पूर्ण सोडला. बॉनेट मध्ये उभं असल्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. वारा गार झाला की तिने सांगायचं, असं ठरलं. गाडीत जीव गुदमरायला लागला म्हणून तिने काच खाली घेतली.

"आता?" मास्तरांनी कळ दाबत विचारलं.

"गरमच आहे."

"आता?"

"थोडा फरक वाटतोय."

"अजून घालू का?"

याचं उत्तर आलं नाही, कारण नेमका तेव्हा बायकोचा फोन वाजला. तो फोन मास्तरांना ऐकू आला नाही. पुढे पंखा, आत इंजिन, डोक्यावर हेल्मेट. थोड्या वेळाने ऐकू आला तो तिचा आवाज, आणि तो ऐकून मास्तर जागच्या जागी थबकले.

"घाल की अजून," बायको म्हणत होती. "विचारायचं काय त्यात?"

घाल.

लग्नाआधी दोघं एकाच छापखान्यात होती. ती छपाईचे खिळे जुळवायची, हा चुका काढायचा. तेव्हा ती त्याला "अरे-तुरे" करायची आणि चुका काढल्या म्हणून भांडायचीसुद्धा. लग्न झालं, घरात सासूबाई होत्या, "अहो" सुरू झालं. सासूबाई गेल्या, पण "अहो" राहिलं. एखादं पाहुणं यावं आणि घरचंच होऊन जावं, तसं. आज इतक्या वर्षांनी, गाडीच्या बॉनेटपलीकडून, ती "घाल" म्हणाली होती.

मास्तरांनी घातला.

"एकाने काय होतंय? अजून घाल," आतून आवाज आला, आणि काय मऊ आवाज होता. "लाजू नकोस. मी आहे ना."

हेल्मेटच्या आत मास्तरांना हुंदक्यासारखं काहीतरी झालं. नळीवरच्या मीटरचा काटा हिरवा पट्टा ओलांडून लाल पट्ट्यात शिरला होता, पण बायको "घाल" म्हणत असताना काट्याकडे कोण बघतो? त्यांनी डबा हलवून हलवून रिकामा केला.

"आता कसं बरं वाटलं?" ती म्हणाली. "बास. आता आडवं हो बघू. जरा पडून राहा."

मास्तर क्षणभर गोंधळले. मग त्यांच्या लक्षात आलं की गाडीखालून काहीतरी गळत असावं आणि ते बघायला ती सांगत असावी. एरवी त्यांनी कारण विचारलं असतं. आज विचारलं नाही. गुडघे सांभाळत ते खाली बसले आणि हेल्मेटसकट सिमेंटवर उताणे आडवे झाले.

फोन ठेवून बायको बाहेर आली. "अहो, वारा तर पहिल्यापेक्षा गरम..." असं म्हणत ती पुढे आली आणि तिला आधी दिसले दोन बूट.

तिच्या हातातला फोन पडला. ती धावत येऊन खाली बसली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि हेल्मेट ओढायला लागली. ते निघेना, कारण खालचा पट्टा बांधलेला होता.

"काय होतंय तुम्हाला? छातीत दुखतंय का? बोला ना काहीतरी."

"काही गळत नाहीये," मास्तर आतून म्हणाले.

"काय?"

"खाली बघितलं. कोरडं आहे. तूच म्हणालीस ना, आडवं हो."

बायकोने पट्टा सोडला, हेल्मेट काढलं. मास्तरांचे उरलेसुरले केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"मी लेकीशी बोलत होते," ती म्हणाली. "तिला त्या एसीच्या खोलीत थंडी वाजतेय. अंगावर अजून एक चादर घाल म्हटलं."

"आणि लाजू नकोस?"

"सिस्टरकडे मागायला लाजत होती."

बायकोला आधी हसू आलं, ते वाढत गेलं आणि मग तिने पदराने डोळे पुसले, ते हसण्यामुळे की घाबरल्यामुळे हे तिलाही सांगता आलं नसतं.

"मी तुम्हाला 'घाल' म्हणेन, असं वाटलंच कसं?"

"वाटलं," मास्तर म्हणाले. "बरं वाटलं."

ती त्यांच्या शर्टाला लागलेली माती झटकता झटकता म्हणाली, "जीभ वळत नाही आता. एवढ्या वर्षांची सवय."

"राहू दे. मी कुठे काय म्हणतोय?"

"पण ऊठ आता," ती हळूच म्हणाली आणि लगेच रस्त्याकडे बघायला लागली, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मास्तर उठले. खरं तर अजून बराच वेळ पडून राहायची त्यांची तयारी होती.

सकाळी मास्तरांनी गाडी नेऊन गॅरेजच्या दारातच उभी केली. गॅरेजवाल्याने मशीन लावून पाहिलं. "हवा तेवढ्याच्या दुपटीनं भरलाय. मग एसी कसा चालेल? मेहेरबानी, पाइप फुटला नाही. एवढी घाई कसली होती?"

"आज नातीला दवाखान्यातून आणायचंय."

"मग हे फोनवर सांगायचं ना मास्तर. कालच करून दिलं असतं." त्याने जास्तीचा गॅस काढून घेतला, आणि एसी असा गार झाला की गाडीतून उतरताना मास्तरांचा चष्मा घामाऐवजी थंडीने धूसर झाला.

दवाखान्याच्या दारात गाडी आधीपासून गार करून ठेवली होती. लेक बसली, बायको बाळाला घेऊन तिच्याजवळ बसली. मास्तर आरशातून दोघींचे चेहरे बघत कौतुकाची वाट पाहू लागले.

बाळाने नाक आक्रसलं आणि ते शिंकलं.

"बंद करा तो एसी," बायको म्हणाली. "आणि काचाही उघडू नका. वारा लागेल तिला."

मास्तर "बरं" म्हणाले. बंद काचांच्या त्या भट्टीत ते सायकलवाल्यांना पुढे जाऊ देत, खड्डे चुकवत घरी पोचले. बाळ पूर्ण रस्ताभर गाढ झोपलं होतं. मास्तर खाली उतरले तेव्हा कपडे न काढता अंघोळ केल्यासारखे दिसत होते.

वरच्या मजल्यावरच्या काकू बाळाला बघायला जिन्यात थांबल्या होत्या. त्यांनी मास्तरांना नखशिखांत पाहिलं. "अहो, एवढ्या उन्हात बिनएसीच्या गाडीतून आणलंत बाळाला? आमची मागायची होती. तिचा एसी छान चालतो."

मास्तर डिकीतून पिशव्या काढत होते. भांडण्याचं त्राण नव्हतं आणि स्वभावही नव्हता.

"बरं," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला नक्की मागेन."

"पुढची खेप विसरा, बाबा," गाडीतून सावकाश उतरत लेक म्हणाली.