हिंदुरावकाकांचं खडूचं इंग्रजी

माझ्या नणंदेला बघायला कागलचे पाहुणे आले, त्या सकाळी आमच्या फाटकावर लाल खडूने ठळक लिहिलेलं होतं, 'वेटिंग फॉर समबडी'. पाहुण्यांतल्या एका शिकलेल्या मामांनी ते मोठ्याने वाचलं आणि आमच्याकडे असं काही पाहिलं, की मी पोह्यांचा ट्रे तसाच आत घेऊन गेले. सासूबाईंना अर्थ कळला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. मला कळला, कारण मी हायस्कुलात इंग्रजीच शिकवते. स्थळ हुकलं नाही, पण मुलीचं दुसरीकडे कुठं जमलंय की काय, ही मामांची शंका फेडायला सासऱ्यांना दोनदा कागलला जावं लागलं.

अक्षर कुणाचं, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत. शेजारचे हिंदुरावकाका. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ते माल तपासायला होते. ओतून आलेल्या नगावर हातोडी वाजवायची, कान लावून आवाज ऐकायचा, चांगला असेल तर पांढऱ्या खडूने बरोबरची खूण, नाहीतर लाल फुली. रिटायर झाले, काकू गेल्या, घरात एकटे राहिले, तरी खिशातला खडू काही सुटला नाही.

इंग्रजी त्यांनी अडुसष्टाव्या वर्षी शिकायला काढलं. बंगळुरातल्या त्यांच्या मुलानं केरळची मुलगी केली. सुनेला मराठी येत नाही, हिंदी जेमतेम, आणि मल्याळम ऐकलं की काकांना घाम फुटतो. दोघांना मिळून इंग्रजीच उरलं. दिवाळीला सून पहिल्यांदाच कोल्हापूरला राहायला येणार होती.

"पोराला मधी घालून बोलायचं न्हाय," काकांनी मला बजावलं. "तिच्यासंगं मी सोता बोलणार."

मला वाटलं, आता 'धिस इज अ मँगो' सुरू होणार. काका कुठूनसं जुनं गाईड घेऊन आले आणि माझ्या ओट्यावर बसून मलाच शिकवायला लागले.

"बाई, इंग्रजीतलं क्रियापद एकटं ऱ्हात न्हाय. वेट म्हटलं की फॉर लागतंय. लूक म्हटलं की कधी फॉर, कधी आफ्टर. आणि त्येच्या म्होरं कोण तरी लागतंच. समबडी, न्हायतर एनीबडी. माणसाबिगर गाडं फुडं सरकतच न्हाय."

इतकी वर्षं शिकवून मला हे असं सांगता आलं नव्हतं. पण खरे धक्के पुढे होते. काका जे शिकतील ते योग्य जागी लिहायला लागले. डॉक्टरांच्या पायरीवर 'लुकिंग आफ्टर एव्हरीबडी', इथवर ठीक. नगरसेवकांच्या गाडीवर मात्र 'डिपेंड ऑन नोबडी' आलं. त्यांनी ते विरोधकांचं काम समजून चौकशीला दोन माणसं पाठवली. दूध कट्ट्यावर काकांनी एका परक्या माणसाला गाठलं, "पावणं, आर यू लुकिंग फॉर समवन?" तो माणूस धारोष्ण दुधाचा पेला अर्धा टाकून निघून गेला.

फाटकाच्या प्रकरणानंतर मी पदर खोचून भांडायला गेले. काकांनी दार उघडलं, "स्पेलिंग बरुबर होतं न्हवं?" म्हणाले आणि वही पुढे केली. भांडायला गेलेली मी वही तपासून घरी आले. नवऱ्याने त्यावर जे तोंडसुख घेतलं, ते इथे लिहीत नाही.

दिवाळीला सून आली. अनु तिचं नाव. मुलगा मटण आणायला बाहेर पडला आणि काकांनी मला हाक मारली. "बाई, तुमी नुसतं हुबं ऱ्हावा. चुकलं की सांगा."

अनु खुर्चीच्या टोकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. काकांनी तळहात लेंग्याला पुसले. प्रवासाची चौकशी होईल, जेवणाचं विचारतील, असं मी धरून चालले होते.

"अनु," काका म्हणाले, "इन अवर हाऊस, यू हॅव एनीबडी टू टॉक टू?"

मी चपापले. पहिल्याच दिवशी सुनेला असं कुणी विचारतं का? ती माझ्याकडे बघायला लागली.

"नो? देन टॉक टू मी," काका म्हणाले. "आय नॉट अंडरस्टँड एव्हरीथिंग. यू टॉक."

पोरीचे डोळे भरले. ती इंग्रजीत बोलायला लागली आणि बोलता बोलता कधी मल्याळममध्ये शिरली, तिचं तिलाही कळलं नाही. काका समोर पाटावर बसून अर्धा तास मान हलवत होते. त्यातले चार शब्द कळले असतील तर शपथ.

ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. मी म्हणाले, "काका, एवढी घोकंपट्टी केली आणि हेच विचारलं?"

"तुमची काकू अथणीकडची," ते म्हणाले. "लगीन होऊन आली तवा कन्नडबिगर कायबी येत नव्हतं तिला. तोंड उघडलं की आमच्यातली हसायची. मी फौंड्रीत डबल पाळी मारायचो. दोन वरसं तिच्यासंगं कोण बोललंच न्हाय. मग गोठ्यात जाऊन म्हशीसंगं बोलत बसायची. मला वाटायचं, डोस्क्यावर परिणाम झालाय."

दहा वर्षं काकू माझ्या शेजारी होत्या. त्यांचा स्वभावच अबोल, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. मला माझीच लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "म्हशीला कन्नड कळायचं का?"

"तिला कुठलं कळतंय," काका म्हणाले. "पर ऐकून घ्यायची की."