सळई तीच आहे का?

भट्टीतल्या चौकटीची पिन मोडली, तेव्हा तपासनीस जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसला होता. डब्यात बायकोने दिलेली भाजी होती आणि समोर बायकोचा बाप उभा होता. बाप म्हणजे भट्टीचा मेस्त्री. जावई आणि सासरा एकाच कारखान्यात असू नयेत असा कायदा कुणी अजून केलेला नाही, कारण कायदे करणाऱ्यांना असल्या घरात राहावे लागत नाही. हे दोघे तर राहायलाही एकाच घरात होते. खाली जावई, वर सासरा.

कारखाना इनॅमलच्या पातेल्यांचा. पातेल्यांवर रंगीत लेप द्यायचा, ती लोखंडी चौकटीला टांगायची आणि चौकट भट्टीत सोडायची. आत आठशे अंशांच्या वर आग, आणि त्या आगीत सगळ्या चौकटीचा भार एका पिनीवर. साधे लोखंड तिथे मऊ पडते, म्हणून पिन निकेलच्या मिश्रधातूची लागते. आराखड्यात त्या धातूचे नाव स्वच्छ लिहिले होते: अलॉय ६००.

मेस्त्रीने सांगितले, स्टोअरमध्ये सळई पडून आहे, चांगली पुरुषभर लांब. त्यातली हातभर कापून मिळाली की संध्याकाळपर्यंत भट्टी सुरू. फक्त स्टोअरवाला अडून बसलाय. या स्टोअरवाल्याला अख्खा कारखाना 'कुलूप' म्हणत असे. तपासनिसाची सही असल्याशिवाय कुलूप उघडत नसे.

तपासनीस हात धुऊन गेला. गोणपाटातून सळई बाहेर काढली. तिच्या टोकावर ठोकलेला आकडा होता: २.४८१६.

"इथे सहाशे लिहिलेलं नाही, मामा," तो म्हणाला.

"एका देशात हिला ते म्हणतात, दुसऱ्या देशात हे म्हणतात. तुम्हाला घरी 'अहो' म्हणतात, इथे 'साहेब' म्हणतात. मी काय म्हणतो ते जाऊ द्या. माणूस तोच ना?"

तपासनिसाने यावरही विचार केला.

तो मूर्ख नव्हता. मूर्ख माणूस एव्हाना सही करून मोकळा झाला असता. तो घाबरट होता, आणि घाबरटपणाला कारखान्यात दक्षता म्हणतात. त्याबद्दल भिंतीवर लावायला चौकटीतला कागदही देतात. तपासनिसाच्या टेबलामागे असे तीन लटकत होते.

त्याने समकक्ष धातूंची पुस्तके काढली. अमक्या देशाचे हे नाव म्हणजे तमक्या देशाचे ते नाव, एवढेच ज्यांत लिहिलेले असते तसली. पहिल्या पुस्तकात दोन्ही नावांच्या मध्ये दोन सरळ रेघा होत्या. म्हणजे बरोबर. दुसऱ्या पुस्तकात त्याच जागी दोन वाकड्या रेघा होत्या. म्हणजे जवळपास बरोबर. त्या दोन वाकड्या रेघांनी त्याची झोप उडवली.

संध्याकाळी बायकोने ताट वाढले आणि झाली का सही असे विचारले. त्याने रेघांचे सांगितले. कार्बनची मर्यादा एका देशात जरा सैल आहे, दुसऱ्या देशात जरा घट्ट, हेही सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"रेघा वाकड्या आहेत म्हणून माझे बाबा गार भट्टीपुढे बसून आहेत?"

"जवळपास म्हणजे किती जवळ, ते कुठेच दिलेलं नाही."

"बरं. आपल्या दोघांच्या मध्ये कुठल्या रेघा आहेत?"

जगातल्या कुठल्याही शहाण्या नवऱ्याने इथे ताबडतोब 'सरळ' म्हटले असते. तपासनिसाने घास हातात धरून विचार सुरू केला. तो संपायच्या आत बायकोने उशी घेतली, दात घासायचा ब्रश घेतला आणि जिन्याकडे निघाली. "सही करा, मग येते," एवढेच म्हणाली. आईबापांचे घर वरच असले की भांडून माहेरी जायला पिशवीसुद्धा भरावी लागत नाही.

बायको हवी तर सही हवी, सही हवी तर पुरावा हवा. तपासनीस दुसऱ्या दिवशी सळई घेऊन केमिस्टकडे गेला. केमिस्टने एका टोकाचा चार बोटे तुकडा कापला, भुगा केला, आम्लात विरघळवला आणि सांगितले की निकेल, क्रोमियम, लोखंड, कार्बन सगळे दोन्ही देशांच्या मर्यादेत आहे. करा सही.

"हे या टोकाचं झालं," तपासनीस म्हणाला. "त्या टोकाचं काय?"

केमिस्टने दुसरे टोक कापले. तेही तेच निघाले. मग तपासनीस म्हणाला की टोके दिखाऊ असू शकतात, खरी गोष्ट मध्ये असते. तेव्हा सळई मध्ये कापली. मधलीही तीच निघाली. पण आता एका सळईच्या दोन सळया झाल्या होत्या, आणि ठोकलेला आकडा दुसऱ्या टोकाबरोबर आम्लात विरघळून गेला होता.

त्या दोन सळया घेऊन तपासनीस स्टोअरच्या दाराशी आला, तर कुलूपने दार अर्धवट लावून घेतले. आत जी वस्तू आहे तिला नाव आहे, म्हणाला. तुम्ही नेलीत तिला नाव होतं. या कोण, मला ठाऊक नाही. बिननावाची वस्तू आत आली आणि उद्या चोरीला गेली, तर काय चोरीला गेलं म्हणून सांगू?

तपासनिसाला हे मनापासून पटले. हीच तर खरी शोकांतिका आहे. एका अडेल माणसाचे म्हणणे दुसऱ्या अडेल माणसाला लगेच पटते. दोन सळया रात्रभर स्टोअरच्या पायरीवर पडून राहिल्या, आणि सकाळपासून नवे काम सुरू झाले: ही सळई म्हणजे तीच सळई, हे सिद्ध करायचे. त्यासाठी हिचाही तुकडा लागला, तिचाही लागला. मग ताकदीची चाचणी निघाली. यंत्रात तुकडा धरून दोन्हीकडून ओढला आणि तो फटकन तुटला.

"तुटली!" तपासनीस ओरडला.

"तुटेपर्यंतच ओढतात, साहेब," केमिस्ट म्हणाला. "किती ओढल्यावर तुटली ते बघायचं असतं."

"पण तुटली ना?"

म्हणून आणखी एक ओढला. तोही तुटला, आणि अगदी तेवढ्याच ओढीला तुटला. मग थंडीत ओढलेला तुकडा आगीत लागणाऱ्या पिनीबद्दल काय बोलणार, म्हणून दोन तुकडे तापवून ओढले. केमिस्ट आता नुसता कापत होता. माणसाला एकदा निरर्थक कामाची लय सापडली की ते कामही बरे वाटू लागते. अर्धे कारखाने त्या लयीवरच चालतात.

घरी हाल होते. मेस्त्री जिन्यात भेटला तरी भिंतीकडे बघून वर जाई. सासूबाई कठड्यावर टॉवेल वाळत घालताना खाली न बघता विचारायच्या, "झाली का?" तो म्हणायचा, "होतेय." मग टॉवेल जोरात झटकला जाई आणि पाणी बरोबर त्याच्या चष्म्यावर उडे. एकदा बायकोच समोर आली. त्याच्या काखेत अहवालांची चवड होती.

"अजून किती?"

"गरम चाचणीचा एक राहिलाय. तू कशी आहेस?"

"तपासून घ्या," ती म्हणाली आणि वर गेली.

कारखान्यात मालकाने एक दिवस भट्टीला हात लावून पाहिला. हात भाजला नाही म्हणून त्याला राग आला. महिनाअखेरपर्यंत भट्टी पेटली नाही, तर ती भंगारात घालून बाहेरची तयार पातेली आणीन आणि त्यांवर आपले लेबल चिकटवीन, असे तो म्हणाला. घरी आल्यावर मेस्त्रीने जेवायला नको म्हटले, आणि ते खालपर्यंत ऐकू आले.

त्याच रात्री तपासनिसाने धैर्य एकवटले. सकाळी शेवटचा अहवाल आला. दोन्ही नावे एकाच धातूची, कुठलाही संशय नाही. तपासनिसाने सही केली. खाली रेघ ओढली. सरळ ओढली. तो कागद घेऊन घरी धावला आणि जिन्याखालून फडकावला. बायको उशी घेऊन खाली आली. सासूबाईंनी वरून वाटीभर काहीतरी गोड धाडले. मेस्त्री तर जावयाचा हात धरून त्याला स्टोअरपर्यंत घेऊन गेला.

कुलूपने सही पाहिली, तीनदा पाहिली, आणि चाचण्यांतून परत आलेला धातू मोठ्या अदबीने मेस्त्रीच्या हातावर ठेवला. दोन तुकडे होते. प्रत्येक वीतभर.

मेस्त्रीने ते उलटेसुलटे करून पाहिले. "मला हातभर लागते. बाकीची कुठाय?"

"बाकीची बरोबर होती," तपासनीस म्हणाला.

दुपारच्या आत उशी वर गेली.

मालकाने दोघांनाही समोर उभे करून जे सुनावले, ते इथे लिहिण्यासारखे नाही. माझी तयारी आहे, छापणाऱ्याची नाही. बाजारातल्या व्यापाऱ्याला फोन गेला आणि चौथ्या दिवशी नवी सळई आली. चकचकीत. तिच्यावर पिवळ्या रंगात, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत लिहिले होते: अलॉय ६००.

तपासनिसाने आराखडा उघडला. आराखड्यात अलॉय ६००. सळईवर अलॉय ६००. पुस्तकाची गरज नाही, रेघांची गरज नाही, समकक्ष नाही, जवळपास नाही. नाव तेच. इतकी निर्मळ सही त्याने आयुष्यात केली नव्हती. मेस्त्रीने सळई दोन्ही हातांत तोलली, नखाने वाजवली आणि डोळे मिटून म्हणाला, "हीच. ही धरण्यात जन्म गेलाय माझा, मला काय कागद दाखवता?" एकाने वाचून सांगितले, दुसऱ्याने तोलून सांगितले. मालकाला आणखी काय हवे?

पिन बसली. भट्टी धडाडून पेटली. चौकटीला निळी, लाल, हिरवी पातेली टांगून आत सोडली. दार लागले आणि थोड्याच वेळात आतून असा आवाज आला, की जणू एखाद्या खानावळीच्या स्वयंपाकघराचा अख्खा माळा कोसळला. दार उघडले तेव्हा पिन ओल्या दोरीसारखी वाकली होती. पातेली एकमेकांत घुसून, वितळलेल्या लेपाने चिकटून, सगळ्यांचे मिळून एकच पातेले झाले होते. त्याला सगळीकडून कान होते आणि आत हात घालायला जागा कुठूनच नव्हती.

गार झालेली वाकडी पिन मालकाने आपल्या टेबलावर आपटली. शेजारी टाचण्या ठेवायची लोहचुंबकाची डबी होती. पिन डबीला खटकन जाऊन चिकटली. पिनीचा धातू निकेलच्या त्या जातीचा असता, तर चुंबकाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. टेबलावरच्या डबीला जे क्षणात कळले, ते दोन्ही शहाण्यांपैकी एकालाही विचारावेसे वाटले नव्हते. कागदावर विश्वास टाकणारा आंधळा आणि हातावर विश्वास टाकणारा आंधळा, दोघेही पगारी आंधळेच. व्यापाऱ्याने कुठल्याशा कुंपणाचा गज रंगवून पाठवला होता. मालकाने सांगितले, पैसे व्यापाऱ्याकडून वसूल होतील आणि भट्टीचे काय ते सोमवारी बघू.

संध्याकाळी तपासनीस घरी आला तो थेट पायरीवर बसला. वर बायका मोठ्याने बोलत होत्या. बायको आता कायमची वरच राहणार, हे त्याने ओळखले. तेवढ्यात जिन्यावर जड पावले वाजली. मेस्त्री खाली आला. काखेत गादीची वळकटी, हातात चष्म्याचे घर.

"सरका," तो म्हणाला. "मलाही खाली पाठवलंय. दोघी म्हणतात, दोघं एकाच मालाचे."

तपासनीस सरकला. मग मेस्त्री म्हणाला, निदान चहा तरी टाका. तपासनिसाने पाणी उकळायला ठेवले आणि फळीवरचा डबा काढला. डब्यावर बायकोच्या अक्षरात 'साखर' लिहिले होते. झाकण काढले. आत पांढरे काहीतरी बारीक होते.

"घाला की," मेस्त्री म्हणाला.

"वर साखर लिहिलंय."

"मग?"

"म्हणूनच थांबलोय. तुम्ही जरा हातात घेऊन सांगता का?"

मेस्त्रीने हात पुढे केला, पांढऱ्या कणांकडे पाहिले आणि हळूच मागे घेतला. पाणी खळखळत होते. शेवटी दोघांनी नुसते गरम पाणीच कपात ओतून घेतले आणि फुंकर मारत प्यायले. त्याबद्दल दोघांचीही खात्री होती.